सरांच्या डायनोसॉरचं भोक

त्या गुरुवारी धाकटीला बारा वाजायच्या आत एक सही करायची होती. सहीला असा किती वेळ लागतो? पेनाचं टोपण काढायला लागतो तेवढा. पण कडेवर सव्वा वर्षाची मुलगी असेल आणि जगातल्या सगळ्या वस्तू सोडून तिला नेमकं तेच टोपण हवं असेल, तर सहीलासुद्धा अख्खी सकाळ पुरत नाही.

धाकटी म्हणजे संग्रहालयातली वयाने, उंचीने आणि हुद्द्याने सगळ्यात लहान बाई. हाडांची खोली तिच्या ताब्यात होती. एका बाजूला खिडकी, तीन बाजूंना छतापर्यंत लाकडी खण आणि खणाखणांत दगड झालेली हाडं. कुठे मणका, कुठे दात, कुठे नुसताच एक तुकडा, ज्याच्या चिठ्ठीवर मागच्या पिढीतल्या कुणीतरी फक्त प्रश्नचिन्ह काढून ठेवलेलं. मुलीचं कागदोपत्री नाव काही का असेना, घरीदारी तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी थांबलेली अजून कुणी पाहिली नव्हती. एरवी ती आजीजवळ राही. पण सोमवारी आजीचा, म्हणजे धाकटीच्या सासूबाईंचा, पाय मुरगळला. नवऱ्याची कामाची पाळी नेमकी सकाळची. तेव्हा भिंगरी आठवडाभरासाठी आईबरोबर कामावर रुजू झाली. सासूबाई घरून फोनवर देखरेख ठेवत होत्या. मुरगळला होता तो पाय, जीभ नव्हे.

“तोंडात काही घालत नाही ना गं ती?”

“नाही हो, आई.”

“मेलेल्या जनावरांची हाडं ती. हात धुतेस ना तिचे?”

“अहो, मरून बावीस कोटी वर्षं झाली त्यांना.”

“म्हणूनच म्हणते. शिळंच की!”

फोन ठेवेपर्यंत भिंगरीने पेनाचं टोपण तोंडात घातलं होतंच. “तोंडात नाही घालायचं,” धाकटी म्हणाली. सकाळपासून हे वाक्य ती इतक्या वेळा म्हणाली होती की आता भिंगरी ते गाणं समजून त्याच्यावर मान डोलावत असे.

सही करायची होती ती सरांच्या डायनोसॉरच्या ओळखपत्रकावर. सर म्हणजे या खोलीचे आधीचे धनी. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली होती, तरी दर गुरुवारी अकराच्या ठोक्याला हजर. चाळीस वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या मातीच्या खाणीत त्यांना पाच हाडं सापडली होती: एक दात, दोन मणके, एक नखी आणि कमरेचं अर्धं हाड. सांगाडा नाही, कवटी नाही, पाच सुटी हाडं. त्यांच्यावरून सरांनी सांगितलं की हा पृथ्वीवरच्या अगदी पहिल्यावहिल्या मांसाहारी डायनोसॉरांपैकी एक; दोन पायांवर पळणारा, अंगाने सडसडीत, स्वभावाने तापट. स्वभाव त्यांनी पदरचा घातला होता, पण बाकीचं सगळं शास्त्राला धरून होतं. आता खालच्या दालनात त्याचा पूर्णाकृती पुतळा बसणार होता; आज बारा वाजता पाहुण्यांसमोर त्याचा समारंभ होता, सरांच्या भाषणासकट. शिल्पकार सकाळीच पुतळा घेऊन आला होता आणि तो दारातून आत जात नाही म्हणून खाली कुणाचं तरी कुणाशी तरी भांडण चाललं होतं. धाकटीने सही केली की पुतळ्याखाली पाटी लागायची. नुसता उपचार हो, मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. मोठ्या बाई म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख. त्यांच्या लेखी सगळ्याच सह्या नुसता उपचार असत.

आता सुट्या हाडावरून जनावर ओळखायचं म्हणजे रस्त्यात पडलेल्या एका मोज्यावरून माणसाचं घर शोधण्यापैकी आहे. त्यातून त्या काळात सुसरींच्या गोतातली काही जनावरंही डायनोसॉरांसारखीच मांसावर जगत होती. दोघांचे दात करवतीसारखे. दोघांचे मणके जुळ्या भावांसारखे. त्या गोतातले काही दीडशहाणे तर चक्क दोन पायांवरही चालत. मग निवाडा कुठे व्हायचा? तर कमरेत. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडात ज्या खोबणीत बसतो, ती खोबणी सुसरीच्या गोतात वाटीसारखी असते, तिला तळ असतो. डायनोसॉरांची बांगडीसारखी असते. तळ नाही, आरपार भोक.

सरांच्या हाडाला भोक होतं. सरांचं नाव, मान, गेल्या चाळीस वर्षांतली सगळी व्याख्यानं आणि खालचा तो दारात अडकलेला पुतळा, सगळं त्या भोकावर उभं होतं. भोकावर काही उभं राहू शकतं का, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

धाकटीही विचारणार नव्हती. पण ओळखपत्रकात एक रकाना होता, ‘मूळ हाड किती, दुरुस्ती किती’, आणि रकाना रिकामा सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने भिंगरीला टेबलाखाली रिकाम्या खोक्यांच्या राज्यात सोडलं, हाड वाळूच्या उशीवर टेकवलं आणि भोकाच्या कडेवर भिंग धरलं.

मग तिने भिंग पुसलं आणि पुन्हा धरलं.

जन्मजात भोकाची कड गुळगुळीत असते, कपाच्या काठासारखी. ही कड तुटकी होती. हाडाच्या आतली जाळी उघडी पडली होती, आणि कडेच्या चहूबाजूंनी केसासारख्या बारीक रेघा होत्या, करपलेल्या पातेल्याचा तळ खरवडल्यावर उमटतात तशा. तिने दोन मिनिटं खिडकीबाहेर बघितलं, रेघा तेवढ्यात जातील अशा आशेने. गेल्या नाहीत.

“काका,” तिने शेजारच्या खोलीत हाक मारली, “जरा येता?”

शेजारच्या खोलीत सुईकाका बसत. हाडावर चिकटलेला दगड सुईने टोकरून काढायचा हे त्यांचं काम, आणि ते त्यात इतके बुडालेले असत की निवृत्त व्हायचंच विसरून गेले होते. सुई कानावर खोचून ते आले आणि टेबलावरचं हाड पाहून जावयाला पाहावं तसे खुलले.

“वा वा! आज मान याचाच.”

“काका, हे भोक...”

“मी मोकळं केलेलं!” काका खुर्ची ओढून बसले. ही गोष्ट संग्रहालयात प्रत्येकाने निदान सहा वेळा ऐकली होती. धाकटीने तर बाळंतपणाच्या रजेवर जायच्या आदल्या दिवशीसुद्धा ऐकली होती. “अकरा दिवस! एका सुईने! आजच्या मशीनवाल्यांना करून दाखवू दे. एक तडा नाही.”

“आत दगड कसा होता?”

“तीच तर गंमत ना. आधी लाल, ठिसूळ, भराभर निघाला. आठव्या दिवशी एकदम कडक लागलं. रंगही जरा वेगळा. मी सरांना म्हटलं, सर, दगड इथे संपलासा वाटतो. सर म्हणाले, छे! भोक असणारच, तुम्ही आत चला. मी आत गेलो. आणि अकराव्या दिवशी, बाई, सुई पलीकडे! बाहेर उजेड दिसला!” काकांनी मांडीवर थाप मारली. “काय नजर बघा सरांची. भोक दिसायच्या आधीच त्यांना दिसलं होतं.”

जी गोष्ट सहा वेळा ऐकून धाकटीने कौतुकाने मान हलवली होती, ती आज सातव्यांदा पहिल्यांदाच तिच्या कानात शिरली होती.

“तो शेवटच्या तीन दिवसांचा चुरा,” ती हळूच म्हणाली, “फेकला असेल ना?”

“फेकला?” काकांना हे लागलं. “मी आयुष्यात काही फेकलं नाही. घरी विचारा.”

ते गेले आणि एक गोल औषधाची डबी घेऊन आले. झाकणावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘कमर. भोकातला दगड. फेकू नये.’ आत मसुराएवढे, तिळाएवढे तुकडे होते.

हाड की दगड हे डोळ्यांना ठरवता आलं नाही, की हाडांच्या धंद्यातली माणसं एक काम करतात जे ती पाहुण्यांसमोर करत नाहीत. तुकडा जिभेला लावतात. दगड जिभेला लागतो आणि सुटतो. इथल्या खाणीतलं हाड आतून बारीक छिद्राछिद्रांचं. ते जिभेची ओल पितं आणि चिकटून बसतं.

धाकटीने एक तुकडा उचलला आणि जिभेवर टेकवला.

टेबलाखालून भिंगरी बाहेर आली होती. सकाळपासून पेनाचं टोपण, बुटाची नाडी, चिठ्ठी, स्वतःचा मोजा, काही म्हणजे काही तोंडात घालू न देणारी आपली आई एक दगड चाटते आहे, हे तिने उभ्या उभ्या पाहिलं. तिचा चेहरा अन्यायाने लाल झाला.

तुकडा चिकटला. धाकटीने मान हलवली तरी पडला नाही.

“बघू,” म्हणून काकांनीही एक लावला. चिकटला. दुसरा लावला. तोही चिकटला. दोन तुकडे जिभेवर घेऊन काका तसेच बसून राहिले. तोंड मिटायचंही त्यांना सुचेना.

“म्हणजे,” शेवटी तुकडे काढून ते म्हणाले, “वाटी होती?”

“हो, काका.”

“आणि तळ मी खरवडला?”

“हो.”

“आणि चाळीस वर्षं मी ते सांगत सुटलोय?” त्यांनी कपाळाला हात लावला. “नातवंडांना सांगितलंय गं! शाळेत बोलावलं होतं मला त्यांच्या!”

खालून ‘तिरका करा, तिरका!’ असा आरडाओरडा आला. पुतळ्याने दार जिंकलं होतं, आता दालनात उतरणाऱ्या पायऱ्यांशी झुंज चालली होती. काकांनी दाराकडे पाहिलं, मग पुढे झुकून आवाज खाली आणला.

“बाई, ऐका माझं. सही करून टाका.”

“काका!”

“अहो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. एकुलता एक डायनोसॉर. आज पुतळा बघतील, चार लोक टाळ्या वाजवतील, फोटो निघेल. मग सावकाश, दोन-चार वर्षांनी, बघा की. त्या जनावराला काय घाई आहे?”

धाकटीच्याही मनात तेच येत होतं, म्हणून तिला काकांचा राग आला. तिला हाडं वाचायला सरांनी शिकवलं होतं. भिंगरी झाल्यावर, रात्ररात्र जागून, आता ही नोकरी आपल्याने होत नाही असं तिने ठरवलं, तेव्हा सर काठी टेकत तिचे तीन मजले चढून आले होते. पाळण्यात डोकावून म्हणाले होते, “पोरी, हाडं थांबतील तुझ्यासाठी, त्यांना सवय आहे. पण मी फार थांबू शकत नाही. लवकर ये.” त्या माणसाला जाऊन काय सांगायचं? की सर, तुमचा डायनोसॉर सुईने टोकरून काढलेला आहे?

तिने पत्रक पुढे ओढलं. पेन घेतलं. ओळीवर टेकवलं. मग वाटलं, आधी तो दुरुस्तीचा रकाना. त्यात काय लिहायचं? शून्य? पेन तसंच अधांतरी राहिलं. इतक्यात अकराचा ठोका पडला आणि दारात सर उभे होते.

नवा शर्ट घातला होता. घडीच्या रेघा अजून छातीवर होत्या.

“खाली बघून आलो!” ते जिना चढल्याने धापा टाकत, हसत म्हणाले. “छान झालाय. मान तेवढी जास्त ताठ केलीय, थेट माझा मेहुणा दिसतो. झाली का सही?”

काका एकदम आधीच स्वच्छ असलेलं टेबल फडक्याने पुसू लागले. धाकटी उठली, बसली, “चहा सांगू, सर?” म्हणाली. सर तिच्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं हाडांकडे बघून त्यांना माणसंही थोडीफार कळू लागली होती.

“काय झालं?”

“काही नाही, सर.”

“काहीच नाही,” काका म्हणाले आणि टेबल आणखी जोरात पुसलं.

एवढ्यात सरांच्या पँटला कुणीतरी ओढलं. खाली भिंगरी उभी होती. डबी उघडीच राहिली होती, आणि मोठ्यांना चालतं ते आपल्याला का नाही, याचा निकाल तिने परस्पर लावून टाकला होता. जीभ लांबच लांब बाहेर काढून ती सरांना दाखवत होती. जिभेवर मसुराएवढा लालसर तुकडा होता. ती टाळ्या वाजवत होती, मान हलवत होती, तुकडा हलत नव्हता.

“अगं बाई!” धाकटी झेपावली.

“थांब!” सरांनी हात आडवा घातला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि चष्मा कपाळावर सारून त्या इवल्याशा जिभेकडे बघू लागले. “चिकटलंय की. शाब्बास! हाड आहे हे.” धाकटीने बोटाने तुकडा काढून घेतला तोवर सरांची मान त्याच्यामागून वळली होती. “कुठलं गं? कुठून निघालं?”

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“भोकातून, सर,” धाकटी म्हणाली.

सर सरळ झाले. त्यांनी डबीचं झाकण वाचलं. आतला एक तुकडा उचलून स्वतः जिभेला लावला, काढला, दुसरा लावला. मग खुर्चीत बसून त्यांनी भिंग मागितलं. बराच वेळ ते भोकाच्या कडेने भिंग फिरवत होते. खोलीत फक्त भिंगरीचा आवाज होता. तिची दुसऱ्यांदा फसवणूक झाली होती आणि ती ते जगाला ऐकवत होती. धाकटीने तिला कडेवर घेतलं, खांद्यावर थोपटलं. खरं म्हणजे कुणीतरी आपल्यालाही थोपटावं असं तिला वाटत होतं.

“तुम्ही मला सांगितलं होतंत,” भिंगावरून मान न उचलता सर काकांना म्हणाले. “दगड संपला म्हणून.”

“हो, सर.”

“आणि मी काय म्हणालो?”

काकांनी फडक्याची घडी केली, मोडली. “भोक असणारच, म्हणालात.”

“किती दिवस लागले म्हणालात?”

“अकरा.”

“आणि तडा?”

“एकही नाही, सर.”

“काम मात्र सुंदर केलंत हो,” सर म्हणाले. आणि मग त्यांचे खांदे हलू लागले. धाकटीला वाटलं, रडताहेत. ती एक पाऊल पुढे झाली. तर ते हसत होते. आधी नुसतं नाकातून, मग तोंड उघडून, मग चष्मा काढून. काकांनाही हसू फुटलं, पण हसावं की नाही हे न कळल्याने ते खोकल्यासारखं निघालं. हसता हसता सरांनी डोळे पुसले, ते मात्र जरा जास्त वेळ पुसले. नव्या शर्टाच्या बाहीलाच.

“तू सही करणार होतीस?” त्यांनी विचारलं.

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. “पेन टेकवलं होतं, सर.”

“मग?”

“दुरुस्तीच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना.”

“आण इकडे.”

त्यांनी पत्रक घेतलं. ‘ओळख’ या रकान्यात छापून आणलेल्या ‘डायनोसॉर’वर एक सरळ रेघ मारली आणि त्या जुन्या, बारीक, रेखीव अक्षरात वर लिहिलं: ‘सुसरीच्या गोतातलं. डायनोसॉर नव्हे.’ मग ‘मूळ हाड किती, दुरुस्ती किती’ इथे क्षणभर थांबून लिहिलं: ‘हाड मूळ. भोक आमचं.’ आणि कागद धाकटीपुढे सरकवला. “सही तुझी लागेल. खोली तुझी आहे.”

भिंगरीला कडेवर तोलत धाकटीने सही केली. अक्षर वाकडं आलं.

बाराला पाच कमी असताना मोठ्या बाई आल्या. त्यांच्या केसांत लाकडाचा भुसा होता. “बसला एकदाचा! सही झाली ना?” त्यांनी कागद उचलला, वाचला, पुन्हा वाचला. “डायनोसॉर नव्हे?”

“नव्हे,” सर म्हणाले.

“पण पुतळा! बाहेर पाहुणे आलेत!”

“पुतळा राहू दे. पाटी बदला.”

“अहो, पण तो दोन पायांवर उभा आहे!”

“सुसरीच्या गोतातलेही काही राहायचे दोन पायांवर. हा राहायचा की नाही ते या पाच हाडांवरून कुणालाच सांगता यायचं नाही, मला तर नाहीच. तसंच लिहा. माझं नाव घालून लिहा.” मोठ्या बाई तोंड उघडून मिटून पुन्हा उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, “भाषणाला येतो मी. भोक कसं पाडलं ते आम्ही दोघं मिळून सांगू. हे आधीचा भाग सांगतील, त्यांचा पाठ आहे.”

काकांनी कानावरची सुई काढून खिशात ठेवली आणि केसांवरून हात फिरवला.

भाषण झालं. लोक इतके हसले की मोठ्या बाईंनी पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवू का असं विचारलं. पण सर चहाला थांबले नाहीत. धाकटी वर आली तेव्हा ते स्टुलावर चढायच्या बेतात होते.

“सर! उतरा आधी!”

“तो वरचा खण काढ. आणि त्याखालचे दोन.” खणांवर त्यांच्याच हातची चिठ्ठी होती: ‘किरकोळ सुसरी’. “माझ्या डायनोसॉरशी जुळत नाहीत म्हणून मी सुसरीत ढकललेली हाडं आहेत ही, त्याच खाणीतली. आता ज्याच्याशी जुळत नव्हती तोच गेला. म्हणजे ही कोण? एकेक नव्याने बघावं लागेल.”

धाकटीने भिंगरीला खाली सोडलं आणि खण उतरवले. एकतीस हाडं होती. सरांनी बाह्या दुमडल्या, पहिलं हाड उचललं, उजेडात धरलं, मग काहीतरी आठवून ते टेबलावरच्या फोनकडे वळले आणि घरचा नंबर फिरवला.

“अगं, मी बोलतोय. मला उशीर होईल... नाही, तब्येत ठीक आहे. डायनोसॉर गेला... चोरीला नाही गं! नव्हताच तो मुळी... हो, चाळीस वर्षं. हो, मीच सांगत होतो... हो, तुझ्या भावालाही मीच सांगितलं होतं... नाही, वाईट वाटतंय, पण ते नंतर. आत्ता तीन खण उघडलेत. तू जेवून घे. आणि उद्या शुक्रवार ना? उद्याही येणार आहे मी इकडे.”

धाकटीने टेबलाची खिडकीकडची बाजू त्यांच्यासाठी मोकळी केली.